पिंप, पुडी आणि पालेभाजी
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'नैसर्गिक आहार आणि घरातील विषे' असा भारदस्त विषय मंडळाने मला नेमून दिला आहे. तो फलकावर वाचून काहीजणींच्या मनात आले असेल की, आता ही बाई आपल्याला चहा सोडावयास लावणार आणि सकाळ-संध्याकाळ कच्ची गाजरे खावयास सांगणार. तशी धास्ती बाळगू नका. चहा मलाही लागतो. शिवाय संसाराच्या धबडग्यात ज्या गोष्टी आठ दिवसांपलीकडे टिकत नाहीत, त्या सांगण्यात स्वारस्य नाही.

मी एकच प्रश्न घेऊन आले आहे. घराच्या उंबरठ्याच्या आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूला तो विचारावयाचा. "तू आधी कुठे होतीस?" लग्न जुळवताना आपण तीन पिढ्यांची चौकशी करतो. मग ज्या पिंपातले पाणी घरातली तान्ही पोर पिते, त्या पिंपाची चौकशी का करू नये?

आपल्या या तीन गावांत तर हा प्रश्न फारच निकडीचा आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे. त्याच्या अंगाला लागून वाहणारी वालधुनी आज कोणत्या रंगाची दिसते, हे तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. ती पुढे उल्हासनगरातून कल्याणच्या खाडीकडे जाते. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरात याच नदीत कोणी रसायन सोडले आणि त्याच्या वाफेने शेकडो माणसांना रात्रीतून रुग्णालयात न्यावे लागले. कारखान्यांनी आपल्या गावांना भाकरी दिली, हे मी विसरत नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत पगार तिथूनच येतो. पण कारखान्याबरोबर कारखान्याचे उष्टेही आपल्या दारात येते. नदीचा प्रश्न न्यायालये आणि सरकार यांच्यापुढे आहे, त्यासाठी भांडावयाचे ते भांडूच. परंतु स्वयंपाकघराचे सरकार आपण आहोत. तिथे कोणाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

आता पिंपाकडे वळते, कारण माझ्या मते सगळ्यांत मोठा धोका तिथे आहे.

आपल्याकडे पाण्याची तऱ्हा काय आहे, हे सांगावयास नको. उन्हाळा आला की कपात, एरवीही कधी एक दिवसाआड, कधी मध्यरात्री धार येते. साहजिकच प्रत्येक घराच्या मोरीत, गॅलरीत, जिन्याखाली निळी पिंपे उभी असतात. ही पिंपे कोठून येतात? काही नवी असतात. पण बाजारात स्वस्त मिळणारी पुष्कळशी पिंपे वापरलेली असतात. पूर्वी त्यांत आम्ल असेल, रंग असेल, कीटकनाशकाचा कच्चा माल असेल किंवा द्रावक असेल. कारखान्यात माल संपला की पिंप भंगारात जाते, तिथे कोणीतरी ते सोड्याने धुतो, कागदाची चिठ्ठी खरवडून काढतो, वरचे झाकण कापून तोंड रुंद करतो आणि ते आपल्या दाराशी येते. घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपे म्हणजे घातक कचराच, असे २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. ती सर्वांना विकावयाची वस्तूच नव्हे.

"पण आम्ही चांगले घासून घेतो ना!" असे कोणी म्हणेल. इथेच गोम आहे. स्टीलचा डबा घासला की स्वच्छ होतो, कारण त्यात काही मुरत नाही. प्लॅस्टिक तसे नाही. बरणीत वर्षभर लोणचे ठेवले, तर ती सात वेळा घासूनही वास जात नाही, हा आपला रोजचा अनुभव. लोणच्याचा वास मुरतो तसे द्रावकही मुरते आणि पिंप उन्हात तापले की थोडेथोडे पाण्यात उतरते. म्हणून रसायनाचे पिंप धुऊन शुद्ध होत नाही. ते प्यायच्या पाण्याला नको, आंघोळीला नको, आणि लहान मुले ज्यात डुंबतात त्या खेळालाही नको.

ओळखावयाचे कसे? तोंड करवतीने कापलेले दिसले, अंगावर चिठ्ठी खरवडल्याची खूण दिसली, किंवा कोरडे पिंप झाकण लावून दिवसभर उन्हात ठेवल्यावर उघडताना उग्र वास आला, तर ते घेऊ नये. वास आला नाही म्हणून ते चांगलेच, असे मात्र समजू नका. काही विषांना वासच नसतो. नवे घेताना तळाशी पेला आणि काटा यांचे चिन्ह पाहावे. ते चिन्ह म्हणजे खाण्यापिण्यासाठी योग्य. प्यायचे पाणी तर शक्य तोवर स्टीलच्या पिंपात, माठात किंवा तांब्याच्या हंड्यात भरावे.

नवे पिंप महाग पडते, हे मला मान्य आहे. त्याविषयी शेवटी एक सूचना करणार आहे.

आता भाजी. मध्य रेल्वेने मुंबईला जाता-येता रुळांच्या कडेला हिरवेगार वाफे आपण पाहिले आहेत. पालक, माठ, मुळा, चवळी. पाहून डोळे निवतात. पण त्या वाफ्यांशेजारी नळ नव्हता आणि विहीरही नव्हती, होता तो नाला. नाल्याच्या पाण्यातले दोन प्रकारचे दोष भाजीत येतात आणि त्यांतला फरक गृहिणीने समजून घ्यावा. पहिला दोष पानावर बसतो. माती, जंतू, फवारलेले औषध यांपैकी पुष्कळसे भाजी भरपूर पाण्यात दोन-तीनदा खळबळून, देठाकडचा भाग उघडून धुतल्याने निघून जाते. दुसरा दोष मुळांवाटे पानाच्या आत शिरतो. शिसे, कॅडमियम अशा जड धातूंची ही गोष्ट. त्यांना मीठ, हळद, व्हिनेगर, कसलेही पाणी बाहेर काढीत नाही आणि शिजवूनही ते जात नाहीत. पालेभाज्या हे धातू इतर भाज्यांपेक्षा अधिक शोषून घेतात. म्हणजे धुणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. भाजीवालीला विचारावे लागते, "बाई, कोणत्या पाण्यावरची?" पहिल्या दिवशी ती हसेल. दहाजणींनी विचारले की आपल्या टोपल्यांतला फरक तीच सांगू लागेल.

आणि ज्या बायकांना हे विचारावेही लागत नाही, त्या पावसाळ्यात बदलापूरच्या स्टेशनाबाहेर बसलेल्या असतात. मुरबाड-कर्जतच्या डोंगरपट्ट्यातून आलेल्या ठाकूर आणि कातकरी भगिनी. त्यांच्या पाट्यांत टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोली, शेवळे असतात. ज्यांना कोणी खत घातले नाही, फवारा मारला नाही, नाल्याचे पाणी पाजले नाही, अशा भाज्या पाहावयाच्या तर त्या ह्याच. आपल्या सुना त्या ओळखत नाहीत म्हणून त्या बायका संध्याकाळी उरलेली पाटी घेऊन परत जातात, ही लाजेची गोष्ट आहे. घेताना भाजी कशी करावयाची तेही विचारून घ्यावे. त्या आनंदाने सांगतात. उन्हाळ्याच्या अखेरीस बदलापूरची जांभळे येतात. त्यांना आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परदेशी फळाला वरून मेणाचे पॉलिश असते आणि आपण त्याला दुप्पट पैसे मोजतो, मग दारचे जांभूळ का महाग वाटावे?

मात्र 'नैसर्गिक' या शब्दाला मी भुलत नाही आणि तुम्हीही भुलू नये. शेवळे नैसर्गिकच आहेत, पण काकडाची फळे किंवा चिंच न घालता केली तर घशाला अशी खाज सुटते की विचारू नका. दुधी नैसर्गिक आहे, परंतु कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसे दगावली आहेत. दुधी चिरला की एक तुकडा जिभेला लावून पाहावा आणि कडू लागला तर सरळ टाकून द्यावा. पैसे गेले म्हणून हळहळू नये. पावसाळ्यात शेंगदाणे, खोबरे, मका यांवर येणारी बुरशीही निसर्गाचीच. १९७४ मध्ये गुजरात आणि राजस्थानच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने मेली. तेव्हा बुरशीचे दाणे निवडून बाकीचे भाजून चटणीत ढकलण्याची काटकसर करू नये. ते विष भाजल्याने पुरते मरत नाही.

आता पुडीकडे येते. पुडी म्हणजे दळलेली वस्तू. दळले की वस्तूचा चेहरामोहरा जातो आणि तिने आधी काय काय अंगावर घेतले ते कळत नाही. हळदीचेच उदाहरण घेऊ. बांगलादेशात मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे का सापडते याचा शोध घेता घेता संशोधक हळदीपर्यंत पोहोचले. हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून पॉलिश करताना त्यांना शिशाचा पिवळा रंग चोळीत असत. २०१९ मध्ये बाजारातल्या नमुन्यांपैकी ४७ टक्के नमुन्यांत तो मिळाला. सरकारने दंड केले, बाजारात तपासणी केली, लोकांना समजावले आणि २०२१ मध्ये असा एकही नमुना मिळाला नाही. दोन वर्षांत! इच्छा असली की काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आपण काय करावयाचे? अखंड हळकुंडे घ्यावीत आणि समोर दळून घ्यावीत. त्यातही सोन्यासारखी चकाकणारी नकोत, मळकट, खडबडीत दिसणारी घ्यावीत. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून पाहावयाची एक रीत हल्ली सर्वत्र सांगतात. पाणी गडद पिवळे झाले तर विरघळणारा रंग मिसळला आहे असे समजावे, हे बरोबर. परंतु शिशाचा रंग पाण्यात विरघळतच नाही. तो तळाशी निमूट बसतो. त्या परीक्षेत हळद पास झाली म्हणून निश्चिंत होऊ नका.

शिशाविषयी मी इतके का बोलते आहे? कारण ते मुलांच्या मेंदूचे शत्रू आहे. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसापेक्षा लहान मूल चार ते पाच पट अधिक शोषून घेते. मूल आजारी दिसत नाही. ते फक्त अभ्यासात मागे पडते, चिडचिडे होते, आणि आपण त्याला 'मठ्ठ' म्हणतो. ज्याच्याखाली धोका नाही अशी शिशाची मात्रा जागतिक आरोग्य संघटनेलाही सांगता आलेली नाही.

इथे आहार आणि विष यांची गाठ पडते, आणि ही गोष्ट मी तुम्हांला विशेष आग्रहाने सांगते. ज्या मुलाच्या अंगात लोह आणि चुना कमी, त्याचे शरीर शिसे अधिक ओढून घेते. भुकेले पोट समोर येईल ते घेते, तसाच हा प्रकार. म्हणून मुलाला चांगले खाऊ घालणे हीच अर्धी तटबंदी आहे. त्यासाठी महागड्या डब्यातल्या भुकटीची गरज नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी, सत्त्व, आंबील काहीही करा. तीळ, राजगिरा, चांगल्या पाण्यावरची पालेभाजी, मटकीची उसळ, आणि खाणाऱ्यांच्या घरी सुकट व बोंबील द्या. वर लिंबू पिळावे म्हणजे लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. भाजी लोखंडी कढईत करावी. शेजारच्या आपल्या सिंधी भगिनी साई भाजी करतात, पालक, चुका आणि चण्याची डाळ एकत्र शिजवून. तिच्यात लोह आहे, आंबटपणा आहे, डाळ आहे. आहारतज्ज्ञाने बसून आखून दिली असती तरी याहून चांगली झाली नसती. आपल्या घरांतूनही आठवड्यातून एकदा ती व्हावी.

शिसे आणखी तीन वाटांनी येते. बाजारचा सुरमा हा पुष्कळदा शिशाचाच दगड कुटून केलेला असतो. तो बाळाच्या डोळ्यांत घालू नये. शेंदूर हेही शिशाचे भस्म. देवाला वाहावा, पण तो हात तसाच बाळाच्या तोंडाजवळ नेऊ नये. हळदीचे कुंकू वेगळे आणि शेंदूर वेगळा, हे भान ठेवावे. दुसरी वाट म्हणजे जुना रंग. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली, दर दहा लाख भागांत ९० भाग. त्याआधीचे दार-खिडक्यांचे रंग दिवाळीला कोरडे खरवडू नका. ओले करून खरवडावे आणि मुलांना त्या दिवशी आजोळी धाडावे. तिसरी वाट म्हणजे कामाचे कपडे. बॅटरीच्या, रंगाच्या, रसायनाच्या कामावरून येणाऱ्या मंडळींनी घरात शिरताच कपडे बदलावेत, हातपाय धुवावेत आणि मगच मुलाला उचलावे. ते कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर भिजवू नयेत. ज्या भगिनी घरी बसून जीन्सचे धागे कापतात त्यांनाही माझी हीच विनंती आहे. निळे झालेले हात साबणाने धुतल्याशिवाय कणकेला लावू नयेत.

आता डांबरगोळ्या. सिंधी, पारशी, पंजाबी आणि इतरही काही समाजांतल्या काही मुलांत, विशेषतः मुलग्यांत, रक्तातले जी६पीडी नावाचे एक द्रव्य जन्मतः कमी असते. एरवी मूल ठणठणीत असते. पण ट्रंकेतली ठेवणीतली झबली-दुपटी काढली, डांबरगोळीच्या वासासकट बाळाला गुंडाळले की त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात आणि कावीळ भराभर चढते. वेळीच ध्यानात आले नाही तर जिवावर बेतते. बाळाचे जुने कपडे आधी धुवावेत, दोन दिवस कडक उन्हात घालावेत, आणि बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी ठेवूच नये. वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरेसा होतो.

धान्याचेही तसेच. धान्यात ठेवावयाच्या पाऱ्याच्या टिकड्या आणि विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या घरात आणू नका. दुसऱ्या प्रकारच्या गोळीला नुसता दमटपणा लागला तरी वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसे उठत नाहीत. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, गव्हाला ऊन आणि कडुनिंब, एवढ्यावर आपल्या आज्यांची कोठारे टिकली.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते, वेळ फार झाला. गरम वडा वर्तमानपत्रात बांधू देऊ नये, तेलात शाई उतरते. १ जुलै २०१९ पासून ते नियमाविरुद्धही आहे, आपला डबा पुढे करावा. पितळेच्या भांड्यात ताक-आमटी कळकते हे जुन्यांना ठाऊक होते. कल्हई असल्याखेरीज त्यात आंबट ठेवू नये. डासांची कॉइल बंद खोलीत नको. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे धुराचे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले होते. मच्छरदाणीला धूर नाही. पिंपे धुताना ब्लिचिंग पावडर आणि संडासाचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

आणि सरबताच्या, थंड पेयाच्या बाटलीत फिनेल, अ‍ॅसिड, रॉकेल भरून ठेवणे आजच बंद करा. मोठ्यांना बाटलीत आता काय आहे ते माहीत असते, मुलाला ती आधी काय होती एवढेच माहीत असते. असे काही मुलाच्या पोटात गेलेच तर ओकारी काढू नये, मिठाचे पाणी पाजू नये. १०८ ला दूरध्वनी करावा आणि ती बाटली बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे.

आता ती सूचना. नवे पिंप एकटीने घ्यावयाचे तर जड जाते. मंडळाची भिशी चालतेच. त्याच धर्तीवर दरमहा थोडी रक्कम जमवून पंचवीस-तीस नवी, खूण असलेली पिंपे आपण एकदम घाऊक भावात, पावती घेऊन आणली तर पुष्कळ स्वस्त पडतील. ज्यांच्या घरी तान्हे मूल किंवा गरोदर सून आहे त्यांना पहिली द्यावीत. कार्यकारिणीतल्या भगिनींशी मी बोलले आहे, त्यांची तयारी आहे. बदललेले जुने पिंप मात्र तळाला भोके पाडूनच भंगारात द्यावे, म्हणजे ते पुन्हा दुसऱ्या कोणाच्या मोरीत जाऊन उभे राहणार नाही. हळदीकुंकवाच्या टेबलाशेजारी वही ठेवली आहे. जाताना प्रत्येकीने आपले नाव, घरात पिंपे किती, आणि त्यांतली तोंड कापलेली किती, एवढे तिच्यात लिहून जावे.